आमच्या नाटकातला नाका

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाच जमत नव्हतं, आणि शाळा नववीत सुटली. मोठे शब्दही येत नाहीत. जे झालं ते साध्या शब्दांत लिहितो. चुकलं तर वाचणाऱ्याने मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावं.

लिहायला मला भोईरसरांनी सांगितलं. ते शहापुरात चित्रकला शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी आमची नाटकं बसवतात. ते म्हणाले, "तू तालमीत कोपऱ्यात गप्प बसून ऐकत असतोस. बोलणारे सगळं विसरले. तुलाच आठवत असेल, तूच लिही."

मी म्हटलं, दोन-तीन गोष्टी असतील. लिहायला बसलो तर कळलं, खूप आहेत. खळ्यावर भाताची उडवी रचतात तसं झालं. एकेक भारा टाकताना काही वाटत नाही. मान वर करून बघावं तर ती डोक्याच्या वर गेलेली.

*

आधी नाटक सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नाटक पॅलेस्टाईनचं आहे. सरांनी ते हिंदीवरून मराठीत आणलं. युसुफ आणि सलमा यांचं लग्न ठरलेलं असतं. युसुफला तिला समुद्रावर न्यायचं असतं. गावाच्या टेकडीवरून समुद्र दिसतो, पण मधे सैनिकांचा पहारा आहे, कोणाला पलीकडे सोडत नाहीत. एक दिवस युसुफला कामासाठी पलीकडे जायची परवानगी मिळते. तो जातो आणि परत येत नाही. मेला की जिवंत आहे, कोणी सांगत नाही. सलमा रोज येऊन सैनिकाला विचारते. शेवटी ती स्वतःच्या लग्नाच्या झग्यावरचं भरतकाम आपल्या हाताने उसवते आणि रडते. एवढंच.

हिंदीत शब्द होता 'चेकपोस्ट'. सर म्हणाले, "आपल्या लोकांना चेकपोस्ट म्हणजे जंगलखात्याचं फाटक वाटेल. आपण 'नाका' म्हणू. सोपा शब्द आहे."

सोपा आहे, पण आमच्याकडे 'नाक्यावर गेला' म्हटलं की एकच गोष्ट असते. सकाळी लवकर जाऊन रोजंदारीसाठी रस्त्यावर उभं राहायचं. ठेकेदाराचा टेम्पो येतो, तो माणसं निवडतो, घेऊन जातो. कुठं ते टेम्पोत बसल्यावर कळतं. सर शहापूरच्या बाजारपेठेत वाढलेले. त्यांच्या हे ध्यानात आलं नाही, आणि आम्हीही कोणी बोललो नाही.

*

मला सैनिकाचं काम मिळालं ते माझ्या कपड्यांमुळे. मी आटगावला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. पहिल्या तालमीला ड्युटीवरून तसाच युनिफॉर्मवर गेलो होतो. सरांनी मला बघितलं आणि म्हणाले, "कपडेपट आला."

मला लोकांसमोर बोलता येत नाही. म्हणून सरांनी माझं काम कापून कापून एका वाक्यावर आणलं. सलमा येऊन विचारते, "माझा माणूस इथून गेला, परत आला का?" आणि मी म्हणायचं, "मागे फिर. इथून पुढं जायचं नाही."

पहिल्याच दिवशी मंदाताई सलमा होऊन समोर आली. डोळ्यांत डोळे घालून विचारलं. माझं वाक्य गेलं. तोंडातून रोजचं आलं, "मॅडम, एंट्री करा."

सगळे पोट धरून हसले. आमचा युसुफ म्हणजे तुळशीराम, टेम्पो चालवतो, तो तर खाली बसला. म्हणाला, "आधार कार्ड पन माग ना तिच्याकडं."

मंदाताई हसली नाही. म्हणाली, "एंट्री केली असती तर बरंच झालं असतं रे. नाव तरी ऱ्हायलं असतं कुठं. नाक्यावर कोन लिहितं?"

मग हसणं हळूहळू थांबलं. सरांना काही माहीत नव्हतं. तुळशीरामने त्यांना बाजूला नेऊन सांगितलं.

*

मंदाताई आटगावच्या वर डोंगराच्या पोटाला एक पाडा आहे तिथली. अंगणवाडीत मदतनीस आहे, तिला एक लहान पोरगी आहे. तिचा नवरा रघू काही पावसाळ्यांपूर्वी सकाळी कल्याणच्या नाक्यावर कामाला म्हणून गेला. आलाच नाही. त्याच्या भावाने शोधलं, पोलिसात सांगितलं. काही निघालं नाही.

दीर म्हणतो, आता क्रिया करून टाकू, पिठाचा पुतळा करून अग्नी देऊ. सासू सोनूआजी ऐकत नाही. ती म्हणते, माझा पोर जिता हाय. घरात कोणी रडायचं नाही. मंदाताईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की आजी हातातलं काम टाकून येते. "जित्याला रडतेस? मारतेस काय त्याला?"

सरांनी हे ऐकलं आणि मंदाताईला म्हणाले, "हे काम तुम्हाला त्रासाचं होईल. दुसरं कोणी बघू का?"

ती म्हणाली, "नको सर. या कामासाठीच आले मी. त्यात शेवटी रडायचं हाय ना? मला रडायला जागा नाय कुठं. हितं रडले तर कोन बोलनार नाय. नाटक हाय म्हनतील."

*

पण तिला रडता येईना.

तालमीवर तालीम झाली. मंदाताई बाकी सगळं असं करायची की अंगावर काटा यायचा. शेवटच्या प्रवेशाला बसायची, झग्याचा टाका उसवायची, आणि चेहरा कोरडा. सर सांगायचे, "रडायचं आहे, मंदाताई." ती म्हणायची, "तेच करायला आले सर. पन येत नाय."

तुळशीरामने एकदा बामाची डबी आणली. म्हणाला, "टीव्हीवाले हेच लावतात. डोळ्याखाली लाव, धो धो सुटतं." तिने लावलं. डोळे लाल झाले, पाणी घळघळा वाहायला लागलं. सर खूश. "वा, हेच पाहिजे."

तिने पदराने तोंड पुसलं आणि डबी तुळशीरामच्या हातात दिली. "हे डोळ्यांतनं आलं रे. मी कुठं रडले?"

*

शेवटच्या प्रवेशावरून आणखी एक झालं. सरांना वाटलं, भरतकाम उसवणं आपल्या लोकांना कळणार नाही. त्यापेक्षा सलमाने बांगड्या फोडल्या तर लगेच पोचेल.

मंदाताई म्हणाली, "बांगडी नाय फोडायची."

सर म्हणाले, "अहो, ती सलमा फोडतेय."

"हात माझा हाय ना सर?"

तुळशीराम म्हणाला, "मंदाताईला नको, माझ्या हातात भर. मी फोडतो. त्या युसुफचं कुठं काय शिल्लक हाय?" तेवढ्यावर तो विषय संपला आणि पुन्हा भरतकाम आलं.

आता रोज उसवायचं म्हणजे रोज कोणीतरी पुन्हा भरायला पाहिजे. माझी आई ब्लाऊज शिवते, मला सुई धरता येते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. लाल दोऱ्याची उभी-आडवी फुलं होती. सरांनी मोबाईलवर तिकडच्या बायकांच्या झग्यांचा फोटो दाखवला होता, त्यावरून काढलेली. तालीम झाली की झगा मी पिशवीत घालून घरी न्यायचो आणि दुसऱ्या दिवशी भरून आणायचो.

एकदा लवकर पोचलो तर मंदाताई आधीच बसली होती. तिने झगा मागितला, सुई मागितली आणि एक फूल स्वतः भरलं. मग म्हणाली, "तू फार घट्ट घालतोस टाका. मी बसते तिकडं खेचत, आनि लोकांना वाटतं हिला दुःख झालंय."

*

समुद्राचीही गंमत आहे. युसुफचं एक वाक्य आहे, "सलमा, समुद्र इतका जवळ आहे की वारा फिरला की वास येतो."

मंदाताईने मधेच थांबून विचारलं, "कसा येतो वास?"

सर सांगायला गेले, पण त्यांना सांगता येईना. तुळशीराम म्हणाला, "सुकटीसारखा. खरंच. मी भाजी पोचवायला जातो ना."

"म्हंजे मी बघितला नाय, पन वास घेतलाय," मंदाताई म्हणाली.

सरांना धक्का बसला. तिने कधी समुद्र बघितलेला नाही हे त्यांना खरं वाटेना. "अहो, आपल्याकडून कोण अडवतंय? गाडीत बसलं की दुपारपर्यंत बघून परत."

ती म्हणाली, "अडवीत कोनच नाय सर. नेत पन कोन नाय."

तुळशीराम म्हणाला, "आपल्या धरनांचं पानी रोज मुंबईला जातं. पानी पोचतं. मानूस नाय पोचत." सर म्हणाले, हे वाक्य नाटकात घालू. तुळशीराम म्हणाला, "नको, मग मला पाठ करायला लागंल."

*

पहिला खेळ धसईला बाजाराच्या दिवशी होता. लोक भाजी विकून, पिशव्या घेऊन तिथंच बसले. सर सुरुवातीला सांगायचे, ही गोष्ट पॅलेस्टाईनची आहे. पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाला, "ते कुठं आलं?" सरांनी हात लांब करून दाखवला, खूप लांब, अरबस्तानाकडे. म्हाताऱ्याने विचारलं, "कसाऱ्याच्या पुढं?"

तुळशीराम पडद्यामागून म्हणाला, "कसाऱ्याच्या पुढं लोकल जात नाय बाबा. तिथनं पुढंच कुठंतरी."

लोकांना तेवढं पुरलं.

मग युसुफ म्हणाला, "सलमा, मी नाक्यावर जातो." आणि सगळी माणसं एकदम नीट बसली. तो गेला. सलमा वाट बघते. दुसऱ्या दिवशी वाट बघते. मागून एक बाई शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "टेम्पोचा नंबर बघायला पायजे होता." दुसरी म्हणाली, "कोन बघतं गो? घाई असते."

सर पडद्यामागे कपाळाला हात लावून उभे होते. तेव्हा त्यांना कळलं की लोक रोजंदारीचाच नाका बघतायत.

खेळ संपल्यावर तो म्हातारा मंदाताईकडे आला. नाटक संपलंय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल. म्हणाला, "बाय, गुजरातकडं बघितलं का? आमच्या भावकीतला एक तिकडं सापडला. लय दिवसांनी."

मंदाताईने विचारलं, "जिता?"

म्हाताऱ्याने टोपी काढली, झटकली, परत घातली. "सापडला म्हंजे सापडला, बाय."

परत येताना टेम्पोत सर म्हणाले, "नाका हा शब्द बदलायचा का?" मंदाताई म्हणाली, "आता कशाला बदलता? कळला ना लोकांना." म्हणून तो राहिला.

*

हे नाटक ज्यांचं, त्या तिकडच्या मंडळातल्या एका माणसाचा नंबर सरांनी कुठून तरी मिळवला होता. परवानगी मागायला. तो इंग्रजीत लिहायचा, सर आम्हाला वाचून दाखवायचे. तो तिकडे युसुफचं काम करायचा. सरांनी त्याला आमच्या तालमीचा व्हिडिओ पाठवला.

त्याचं उत्तर आलं: "सगळं छान आहे. पण तुमचा सैनिक फार बारीक आहे. त्याला जेवायला घाला."

मला किती दिवस त्यावरून चिडवलं. तुळशीराम चहाबरोबर माझ्यापुढे जास्तीचा वडा सरकवायचा, "खा, वरनं ऑर्डर हाय."

मग मंदाताईने सरांना त्याला एक प्रश्न विचारायला सांगितला. तुमच्याकडे जी सलमा करते, तिला शेवटी रडू येतं का? आणि नाही आलं तर ती काय करते?

सरांनी इंग्रजीत लिहून पाठवलं. एकच टिक आली, म्हणजे मेसेज पोचला नाही.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी परत लिहिलं, सगळं ठीक आहे ना? एकच टिक. तिकडच्या लढाईच्या बातम्या आम्ही सगळेच बघत होतो. मुरबाडला खेळ केला त्याचा फोटो पाठवला, त्यालाही एकच. सर अजून अधूनमधून पाठवतात. तालमीला आलो की तुळशीराम पहिल्यांदा विचारतो, "सर, दुसरी टिक?" आणि सर मान हलवतात. मला आता वडा कोणी सरकवत नाही.

*

शेवटचा खेळ मंदाताईच्या पाड्यावर झाला. सरांनी तिला विचारूनच ठरवला. ती आधी नको म्हणाली, मग घरी जाऊन आली आणि म्हणाली, "ठेवा. सासूला सांगितलं मी."

"काय म्हणाल्या?"

"म्हनाली, येते. कोनाला रडतेस ते बघते."

तुळशीराम म्हणाला, आपण तो प्रवेशच गाळू. सरही तयार झाले. आजीने मनावर घेतलं तर मंदाताईला पोरीसकट घराबाहेर काढायला कमी करणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मंदाताई ऐकेना. "रडू तर येतच नाय," म्हणाली. "मग भ्यायचं कशाला?"

खेळ दुपारी ठेवला, कारण संध्याकाळी लाईटचा भरवसा नव्हता. शाळेच्या ओट्यावर दोन बांबू रोवून मधे दोरी बांधली, तो नाका. पाड्यातले सगळे आले. सोनूआजी सगळ्यांत पुढे बसली, गोणपाटावर, काठी मांडीवर आडवी. शेजारी मंदाताईची पोर.

युसुफ नाक्यावर जातो म्हणाला तेव्हा आजीने पोरीचा हात धरला. बाकी काही केलं नाही. खेळ पुढे गेला. सलमा पहिल्यांदा विचारायला आली, मी म्हटलं, "मागे फिर. इथून पुढं जायचं नाही." दुसऱ्यांदा आली, तेच म्हटलं. मी समोर बघतच नव्हतो. दोरीकडे बघत होतो.

मग शेवटचा प्रवेश आला. मंदाताई दोरीच्या अलीकडे खाली बसली, झगा मांडीवर घेतला, टाका धरला. त्या दिवशी मी टाके सैल घातले होते. तरी तिने नुसताच धरून ठेवला. ओढेना. ओट्याखाली कोंबड्या फिरत होत्या.

सोनूआजी काठी टेकून उठली.

मागून दीर म्हणाला, "आये, बस." ती ओटा चढून आली. मंदाताईकडे बघितलंही नाही. सरळ दोरीपाशी, माझ्यासमोर आली.

"नाक्यावरचा ना तू?"

मी म्हटलं, "हो."

"माझा रघू गेला हितनं. सकाळचा. परत आला?"

मी सरांकडे बघितलं. सर पडद्याच्या कडेला हात जोडून उभे होते, मला की तिला ते कळलं नाही. माझं वाक्य मला आठवत होतं. ते म्हणता येईना.

"दिवसभर उभा असतोस ना? मग सांग की."

"नाय आला, आजी."

"नीट बघितलास?"

"नीट बघितलं."

आजीने दोरी हातात धरली. बराच वेळ धरली. मग विचारलं, "जाताना जेवला होता?"

खालून मंदाताई बोलली, मान वर न करता. "जेवला होता, आये. नाचनीची भाकर न् शेवग्याच्या पाल्याची भाजी. परत मागून खाल्लीन."

आजीने दोरी सोडली. मंदाताईकडे वळली.

"मग रड गो," म्हणाली, आणि काठी टेकत खाली उतरून आपल्या जागेवर जाऊन बसली. मंदाताईने टाका ओढला आणि रडली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर गेलो नाही. कल्याणला गेलो. नाक्यावर माणसं उभी होती तिथं जाऊन उभा राहिलो. शेजारी फावडं घेऊन एक जण होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "मिस्त्री का हेल्पर?"

मी म्हटलं, "काम नको. एका माणसाबद्दल विचारायचं आहे."

तो म्हणाला, "नाव सांग."

मी रघूचं नाव सांगितलं.